एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हीट रॅप गुंडाळावा का?

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या एका अंगाला, हेडला म्हणजे सिलिंडरांवरच्या जाड झाकणाला नटबोल्टांनी आवळलेला, गंजून तांबूस झालेला बिडाचा एक भाग असतो. बहुतेक गाड्यांत त्याच्यावर पातळ पत्र्याचं झाकण असल्यामुळे तो चटकन नजरेस पडत नाही. हा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. सगळ्या सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळलेला वायू एकत्र करून पुढच्या पाइपात सोडणं हे त्याचं काम. हौशी मंडळी हा बिडाचा मॅनिफोल्ड काढून त्या जागी वळणदार नळ्यांचा स्टीलचा हेडर बसवतात. मग त्या हेडरवर, किंवा कधी मूळच्या मॅनिफोल्डवरच, पांढरी, काळी नाहीतर तपकिरी पट्टी गुंडाळून घेतात. हाच हीट रॅप.

गुंडाळून देणारा सांगतो की बॉनेटखालचा ताप कमी होईल, पिकअप सुधारेल, इंजिन थंड राहील. पहिलं म्हणणं खरं आहे. दुसरं काही ठरावीक गाड्यांपुरतं आणि थोडंसंच खरं आहे. तिसरं साफ चुकीचं आहे, आणि त्या समजुतीपायी लोक धडधाकट मॅनिफोल्ड खराब करून घेतात. रॅपमुळे उष्णता नाहीशी होत नाही. ती बाहेर पडायची अडते आणि धातूतच साठते. म्हणून रॅप घेण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: आपल्या गाडीतला धातू तेवढं सोसेल का?

उष्णता येते किती, जाते कुठे

पेट्रोल जळून जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश इंजिनाच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे बाहेर जाते आणि उरलेली कूलंट, तेल आणि आजूबाजूची हवा घेऊन जातात. पेट्रोल गाडी पूर्ण जोर लावून घाट चढत असेल, तर हेडमधून बाहेर येणारा वायू ८०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. टर्बो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा असलेल्या पेट्रोल इंजिनात हा आकडा १,००० च्या आसपास जातो. डिझेलचा वायू त्या मानाने थंड, पूर्ण भारावर साधारण ५०० ते ७५० अंश. हीच गाडी सिग्नलला उभी असताना आकडे निम्म्याच्याही खाली येतात. एकाच प्रवासात मॅनिफोल्ड असा कितीतरी वेळा तापतो आणि निवतो. त्याच्या आयुष्याचा निकाल लागतो तो या चढउतारांवर.

वायूकडून मिळालेली उष्णता मॅनिफोल्ड मुख्यतः दोन वाटांनी सोडून देतो. एक वाट हवेची: पंख्याची किंवा पुढून येणारी हवा त्याच्यावरून वाहते आणि उष्णता घेऊन जाते. दुसरी वाट किरणांची. तापलेला धातू अवरक्त किरण फेकत असतो, आणि त्यांचा जोर तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो. इथलं तापमान केल्विनमध्ये मोजायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे.

हा चौथा घात काय करतो ते आकड्यांतच बघा. समजा उघड्या हेडरचा पृष्ठभाग ५०० अंशांवर आहे, म्हणजे ७७३ केल्विन. गंजलेल्या, काळवंडलेल्या लोखंडाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग या तापमानाला साधारण १६ किलोवॅट उष्णता किरणांवाटे फेकतो. हेडरचं क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर धरलं तर सुमारे अडीच किलोवॅट, तेही बंद बॉनेटखाली, वायरिंग आणि रबरी होजपासून वीतभर अंतरावर. आता रॅप गुंडाळला आणि पट्टीचा बाहेरचा पृष्ठभाग २५० अंशांवर आला असं धरू. सेल्सिअसमध्ये तापमान निम्मं झालं, पण किरणांवाटे जाणारी उष्णता पाचव्या हिश्शावर आली. रॅपचा हा गुण खराच आहे. रॅप केल्यावर बॉनेट उघडताना चेहऱ्यावर येणारी झळ कमी झाली असं लोक सांगतात, ते या हिशोबाशी जुळतं.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू आहे. धातू आतल्या वायू आणि बाहेरची हवा यांच्या मधे बसलेला असतो. आतून ८५० अंशांचा वायू त्याला तापवतो, बाहेरची हवा आणि किरण त्याला निववतात, आणि या ओढाताणीत तो कुठेतरी मधे स्थिरावतो, समजा ५५० ते ६०० अंशांवर. रॅपने निववणारी बाजू जवळजवळ बंद केली की धातू वायूच्या तापमानाकडे सरकू लागतो आणि ७०० च्या पुढे जातो. माणसाने गोधडी पांघरली की खोली गरम होत नाही, माणूस गरम होतो, तसंच हे. बॉनेटखालची खोली निवते ती मॅनिफोल्डच्या जिवावर.

खरा फायदा कुणाला

सगळ्यात स्पष्ट फायदा टर्बोचा. टर्बाइनला फिरवणारी ऊर्जा वायूच्या दाबाबरोबरच त्याच्या तापमानावर अवलंबून असते. टर्बाइनच्या तोंडाशी ८०० ऐवजी ८५० अंशांचा वायू पोचला, तर तेवढ्याच दाबफरकातून मिळणारी ऊर्जा साधारण साडेचार टक्क्यांनी वाढते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामधली नळी लांब असेल, तर तिच्यातली उष्णता टिकवणं फायद्याचं ठरतं. टर्बो थोडा लवकर जोर धरतो.

दुसरा फायदा आत घेतल्या जाणाऱ्या हवेचा. हवा जितकी थंड तितकी घट्ट. ५० अंशांची हवा ४० अंशांवर आली, तर तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी वाढते, आणि ताकदही त्याच सुमाराने थोडी वाढू शकते. पण इथे एक अट आहे. आजच्या बहुतेक गाड्या इंजिनासाठीची हवा बॉनेटखालून घेतच नाहीत. रेडिएटरच्या वर किंवा हेडलाइटच्या मागे तोंड असलेल्या नळीतून ती बाहेरूनच येते. गाडी पळत असताना तिच्यावर मॅनिफोल्डचा परिणाम फारच थोडा होतो. एअर फिल्टरचा मूळ डबा काढून बॉनेटखालीच उघडा कोन फिल्टर बसवला असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथे खरी चूक फिल्टरच्या जागेची आहे. ती सोडून मॅनिफोल्ड गुंडाळत बसणं मला पटत नाही.

तिसरा फायदा जुन्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाच्या) गाड्यांना, आणि मला हा सगळ्यात पटतो. अँबेसिडरसारख्या जुन्या इंजिनांत हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला असत, कार्ब्युरेटर त्यांच्या डोक्यावर. उन्हाळ्यात घाट चढून गाडी थांबली की खालच्या तापाने पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी पुन्हा सुरू होईना. इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघणाऱ्या गाड्या खंडाळ्याच्या घाटात ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशी गाडी कुणी जपून ठेवली असेल आणि वर्षातून थोडीच फिरवत असेल, तर कार्ब्युरेटरच्या खाली पत्र्याची आड आणि पुढच्या पाइपाला रॅप हा विचार करण्याजोगा उपाय आहे.

रेसिंगचं गणित निराळंच. तिथे मॅनिफोल्ड एक-दोन हंगाम टिकला तरी भागतं, शर्यतीनंतर तो काढून तपासला जातो, आणि चालकाची पाठ किंवा इंधनाची टाकी एक्झॉस्टपासून हातभर अंतरावर असू शकते. कोइंबतूरच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी छोट्या रेसकार बांधतात. त्यांतल्या अनेकांच्या मागे चाकणला बनणारं केटीएम ३९० या मोटरसायकलचं इंजिन असतं. त्या गाड्यांच्या नळ्यांवर रॅप दिसतो तो बरोबर आहे. पण तिथे दिसला म्हणून तो रोज ऑफिसला जाणाऱ्या हॅचबॅकवरही बरोबर, हे मात्र लागू पडत नाही.

आता 'वायू गरम राहिला की वेगाने बाहेर जातो, म्हणून ताकद वाढते' या दाव्याबद्दल. तत्त्व खरं आहे. हेडरच्या नळ्यांची लांबी अशी बेततात की एका सिलिंडरच्या धुराची दाबलहर परतताना पुढचा धूर ओढून घ्यायला मदत करते. ही लहर आवाजाच्या वेगाने धावते, आणि तो वेग वायूच्या तापमानावर ठरतो: ७०० अंशांना सेकंदाला सुमारे ६२५ मीटर, ८०० अंशांना सुमारे ६५५. शंभर अंशांचा फरक पडला तरी लहरीच्या वेगात पाच टक्क्यांचाच फरक पडतो. त्याने फायद्याची जागा थोड्या वरच्या आरपीएमकडे सरकते. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, बसवून ट्यून केलेल्या इंजिनात हे मोजता येईल. कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड, कंपनीचं मॅपिंग (पेट्रोल आणि ठिणगीचं ठरवून दिलेलं वेळापत्रक) आणि शहरातली रहदारी यांत ते जाणवणार नाही. मायलेजसाठी तर रॅप करूच नये.

धातूवर काय गुजरतं

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथेच, आणि पट्टीखाली झाकलेलं असल्यामुळे ते दिसत नाही. म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

साधं मऊ पोलाद घेऊ. स्वस्त हेडर बहुतेक याचेच असतात. इमारतींना आग लागली तर पोलादी सांगाडा किती टिकेल याचं गणित करताना अभियंते जे कोष्टक वापरतात, त्यात ६०० अंशांना पोलादाची ताकद मूळच्या जवळपास निम्मी धरतात आणि ७०० अंशांना पाव हिश्शाच्याही किंचित खाली. म्हणजे या टप्प्यात शंभर अंश वाढले की उरलेली ताकद पुन्हा निम्मी होते, आणि रॅप धातूला नेमका याच टप्प्यात ढकलतो. त्यात सुमारे ५७० अंशांच्या वर लोखंडावर बसणाऱ्या ऑक्साइडची जातच बदलते. तो भराभर जाड होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. नळीची जाडी आतून-बाहेरून खर्च होत राहते.

स्टेनलेस म्हणजे निर्धास्त, असंही नाही. ३०४ ही सगळीकडे मिळणारी जात घ्या. साधारण ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात ती बराच वेळ राहिली, तर तिच्यातलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि धातूच्या कणांच्या सीमांवर जमा होतं. गंजापासून वाचवणारं क्रोमियम तिथल्या भोवतालातून कमी झालं की गंज त्या सीमांमधूनच आत शिरतो. वेल्डिंगच्या शेजारची जागा याला सगळ्यात आधी बळी पडते. ३२१ जातीत टायटॅनियम मिसळलेलं असतं. ते कार्बनला आधीच बांधून ठेवतं, म्हणून एक्झॉस्टसाठी ही जात जास्त चांगली आणि महागही. शर्यतीच्या गाड्यांत याहून वर जाऊन इन्कोनेल हा निकेलचा मिश्रधातू वापरतात. त्याला रॅप सोसतो. दुकानात 'स्टेनलेस हेडर' एवढंच सांगितलं जातं. जात कुठली हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायलाच हवं.

आता फुगण्याचं बघू. अर्ध्या मीटरची स्टेनलेसची नळी ६०० अंशांनी तापली तर साधारण साडेपाच मिलिमीटर लांबते. तिचं एक टोक कूलंटने निववलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडला घट्ट आवळलेलं असतं आणि दुसरं टोक जड पाइपाला जोडलेलं. नळीला सरकायला जागा नसेल तर तो ताण वेल्डवर, फ्लँजवर (जोडाच्या पाटीवर) आणि स्टडवर (ती आवळणाऱ्या बोल्टांवर) येतो. बिडाच्या मॅनिफोल्डमध्येही तसंच: दोन्ही कडेचे स्टड आधी तुटतात, कारण फुगण्याचा हिशोब मधून कडेकडे साठत जातो. तापमान जितकं वर, तितका प्रत्येक चढउताराचा हिसका मोठा. बीड ओढाताणीत वाकत नाही, तडकतं.

आणि तडा गेला तरी तो पट्टीखाली असतो. उघड्या मॅनिफोल्डवर तड्याच्या कडेला काजळीची काळी रेघ उमटते, मिस्त्री ती एका नजरेत ओळखतो. रॅपखाली ती दिसत नाही. गाडी थंड असताना सुरू केली की टक्-टक् असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर तडा फुगून मिटला की तो बंद होतो. लोक तो टॅपेटचा, म्हणजे हेडमधल्या व्हॉल्व्हच्या भागांचा, समजून सोडून देतात. मधल्या काळात तड्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जास्त पेट्रोल सोडायला लागतो. मायलेज घटतं आणि कारण सापडत नाही. त्याहून गंभीर म्हणजे बॉनेटखाली गळणारा कार्बन मोनॉक्साइड ब्लोअरवाटे केबिनमध्ये येऊ शकतो. त्याला ना वास असतो ना रंग.

अनेक हेडर बनवणारे रॅप केल्यास वॉरंटी नाकारतात. कारण वर सांगितलं तेच आहे, म्हणून त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

पाऊस आणि खारी हवा

रॅप म्हणजे विणलेले तंतू, आणि तंतूंच्या मधल्या हवेमुळेच तो उष्णता अडवतो. त्याच मोकळ्या जागांत पाणीही शिरतं. हेडजवळचा भाग इंजिन सुरू झाल्यावर लवकर कोरडा होतो. पण तिथून खाली उतरणारा पाइप गाडीच्या पोटाखाली जातो, चाकांनी उडवलेलं चिखलपाणी त्याच्यावर येतं, आणि त्याचा शेवटचा भाग छोट्या फेऱ्यांत पुरेसा तापतही नाही. जुलैत स्टेशनपर्यंत तीन किलोमीटर जाऊन दिवसभर उभी राहणारी गाडी असेल, तर तिच्या पाइपाला पावसाळाभर ओलं फडकं बांधल्यासारखंच ते होतं.

कोकणात, मुंबईत, गोव्यात त्यात मिठाची भर. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि प्रत्येक ओल्या-सुक्या फेरीत पट्टीखालचं मीठ वाढत जातं. साध्या पोलादाला याने गंज चढतो. स्टेनलेसला ताणाच्या जागी बारीक चिरा पडू शकतात, बाहेरून गंजाचा मोठा डाग न दिसताही. तेलशुद्धीकरण कारखान्यांत काम केलेल्यांना हा आजार चांगला माहीत असतो. तिथे उष्णतारोधक आवरणाखालच्या पाइपांचा गंज ही देखभालीतली कायमची डोकेदुखी आहे, आणि आवरण काढून तपासणी करणं हा कामाचा ठरलेला भाग.

दोन-तीन पावसाळे काढलेल्या साध्या पोलादाच्या पाइपावरची पट्टी उलगडताना बघायला मिळालं तर जरूर बघा. वरचे वेढे कडक होऊन कागदासारखे तुटतात. आतल्या वेढ्यांना तपकिरी पावडर चिकटलेली असते, आणि शेवटचा वेढा निघताना त्याच्याबरोबर पाइपाचे पापुद्रे निघून येतात. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या बाजूने टिचकी मारली तर चांगल्या ठिकाणी खणखणीत आवाज येतो, झिजलेल्या ठिकाणी बद्द. कधी टोक आरपारही जातं.

तेल सांडलं तर

तोट्यांमध्ये मला सगळ्यात काळजी याची वाटते. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून थोडं तेल झिरपणं सर्रास आढळतं, आणि अनेक इंजिनांत ते तेल ओघळून थेट मॅनिफोल्डवर पडतं. उघड्या मॅनिफोल्डवर थेंब पडला की तो जळतो, धूर होतो, केबिनमध्ये वास येतो. चालकाला कळतं आणि गाडी गॅरेजला जाते. रॅपवर पडलेला थेंब आत शोषला जातो आणि तंतूंवर पसरतो. तेलाची पातळ फिल्म, भरपूर हवा आणि अडवलेली उष्णता एकाच जागी जमते. तेलाने भिजलेलं आवरण तेल एरवी ज्या तापमानाला पेटेल त्याच्याही खाली आपोआप धुमसू लागतं, हे औद्योगिक अग्निसुरक्षेत जुनं माहीत असलेलं दुखणं आहे. ते बहुधा गाडी थांबवल्यावर सुरू होतं, कारण वाहती हवा बंद झालेली असते आणि धातू अजून तापलेला असतो. तोवर माणूस गाडी लावून घरात गेलेला असतो.

पॉवर स्टिअरिंगचं तेल, ब्रेक ऑइल, कूलंटमधलं ग्लायकॉल, सगळ्यांना हेच लागू. कुठलीही गळती असलेल्या इंजिनाला रॅप करू नये, आणि रॅप असलेल्या गाडीवर तेल सांडलं तर पुसून भागत नाही, ती पट्टी बदलावीच लागते. यात तडजोड नको.

आजच्या गाड्यांचं वेगळं

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावरच्या गाड्यांमध्ये रॅपला मुळात जागाच कमी उरली आहे. बहुतेकांत धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डला अगदी लागूनच बसवलेला असतो, कारण तो साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे गेल्यावरच नीट काम करतो आणि थंड इंजिन सुरू झाल्यावर त्याला लवकर तापायला हवं असतं. पण तोच कन्व्हर्टर फार तापला तर त्यातल्या मौल्यवान धातूंचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि त्याची क्षमता कायमची घटते. कंपनीने ही दोन्ही टोकं सांभाळून नळीची लांबी, पत्र्याची झाकणं आणि मॅपिंग बेतलेलं असतं. आपण मधेच रॅप टाकला की त्या हिशोबातला एक आकडा बदलतो, बाकीचे तसेच राहतात.

काही इंजिनांत मॅनिफोल्ड वेगळा नसतोच. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टमध्ये किंवा फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये तो हेडच्या ओतकामातच घेतलेला आहे आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतं. तिथे गुंडाळायला काही नाही, आणि गुंडाळायची गरजही नाही.

पट्टी कशाची असते

पांढरट दिसते ती बहुधा काचतंतूची. तपकिरी, तांब्याच्या झाकीची, 'टायटॅनियम' किंवा 'लाव्हा' नावाने विकली जाणारी पट्टी बऱ्याचदा बेसॉल्टच्या तंतूंची असते, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या जातीचा त्याच जातीचा खडक १,४०० अंशांच्या वर वितळवून त्याचे ओढलेले धागे. काचतंतूपेक्षा ती जास्त ताप सोसते आणि कमी कुसळते. याहून वरची जात सिलिकाची पट्टी, आणखी महाग. पाकिटावरचा आकडा बघताना तो सतत सोसायचा आहे की क्षणभर सोसायचा, हे नीट वाचा. मोठ्या अक्षरात बहुधा दुसराच असतो.

आधी हे करून बघा

कंपनीने मॅनिफोल्डवर जो पातळ पत्रा दिलेला असतो, तो आहे का ते आधी पाहा. कितीतरी गाड्यांत त्याचे बोल्ट गंजून तुटलेले असतात, पत्रा खडखडतो म्हणून कुणीतरी काढून टाकलेला असतो आणि नंतर मालकच 'बॉनेट फार तापतं' म्हणून रॅप शोधत येतो. तो पत्रा साधा दिसतो, पण काम हुशारीने करतो: चकचकीत पृष्ठभाग बहुतेक किरण परत पाठवतो आणि पत्रा व मॅनिफोल्ड यांच्यामधल्या फटीतून हवा वाहत राहते, त्यामुळे धातू फार तापत नाही. मॅक्लारेन एफ१ या १९९२ साली आलेल्या गाडीत याच कामासाठी इंजिनाच्या खोलीला सोन्याचा वर्ख लावला होता, कारण सोनं अवरक्त किरण फार चांगले परावर्तित करतं. आपल्याला सोनं नको. मूळ पत्रा नव्या बोल्टांनी पुन्हा बसवला तरी पुष्कळ.

एखादी विशिष्ट होज किंवा वायरिंग तापत असेल तर झाकायचं ते तिला, मॅनिफोल्डला नाही. ॲल्युमिनियमचा वरचा थर असलेली उष्णतारोधक नळकांडी मिळतात, ती वायरवर चढवता येतात. हेडरवर खर्च करायचाच असेल तर सिरॅमिक कोटिंग हा मला रॅपपेक्षा चांगला मार्ग वाटतो. नळ्या वाळूच्या फवाऱ्याने साफ करून आतून-बाहेरून थर दिला जातो, तो भट्टीत पक्का होतो. उष्णता रॅपइतकी अडत नाही, पण पाणी धरून ठेवणारं काही नसतं आणि तडा गेला तर डोळ्यांना दिसतो.

तरीही गुंडाळायचाच असेल

इंजिन आणि टर्बो यांच्यामधली लांब नळी, जुनी कार्ब्युरेटरची गाडी, ट्रॅकची गाडी, अशी कारणं असली तर काम नीट व्हावं. धातूची जात माहीत असावी, इंजिन कोरडं असावं आणि पाइप काढून बाकावर घ्यावा. गाडीवर असतानाच हात घालून गुंडाळलेला रॅप सैल राहतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क हवा. काचेची कुसळं कातडीत आणि श्वासात दोन्हीकडे जातात. पट्टी बादलीत भिजवून घेतली तर कुसळ कमी उडते आणि वेढा घट्ट बसतो, पण काही प्रकार कोरडेच गुंडाळायचे असतात, तेव्हा पाकीट वाचा. नेहमीची पट्टी ५ सेंटिमीटर रुंद असते. प्रत्येक वेढा आधीच्यावर साधारण ६ मिलिमीटर चढवायचा, जास्त नाही. दुहेरी थर दिला तर धातू आणखी तापतो. खालच्या टोकापासून वर चढत जा, म्हणजे कौलांसारखे वेढे एकमेकांवर येतात आणि पाणी आत न शिरता ओघळून जातं. टोकं स्टेनलेसच्या पट्ट्यांनीच आवळा, तारेने नको.

काही जागा सोडायच्याच. ऑक्सिजन सेन्सर आणि त्याच्याभोवतीचा भाग उघडा ठेवा, कारण त्याच्या मागच्या रबरी बुचाला आणि वायरीला एवढा ताप सोसत नाही. फ्लँज आणि बोल्ट उघडे ठेवा. टर्बोचं मधलं धड, जिथे बेअरिंग आणि तेल असतं, ते कधीही झाकू नका. गाडी बंद केल्यावर साठलेल्या तापाने आतलं तेल करपतं आणि बेअरिंग जातं. बिडाच्या मूळ मॅनिफोल्डला मात्र माझं मत विचाराल तर गुंडाळूच नका. त्याचा आकारच असा वेडावाकडा की पट्टी नीट बसत नाही, आणि मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने तो तडकण्याची जोखीम मोठी.

पहिल्यांदा तापवाल तेव्हा पट्टीतला बांधणारा चिकट पदार्थ जळून भरपूर धूर येतो. गाडी उघड्यावर ठेवा, बॉनेट वर ठेवा, जवळ अग्निशामक ठेवा आणि धूर थांबेपर्यंत तिथेच उभे राहा. धूर बंद झाल्यावर, गाडी पूर्ण थंड झाल्यावर टोकांच्या स्टेनलेसच्या पट्ट्या एकदा पुन्हा आवळा.

त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला मिस्त्रीला टॉर्चच्या उजेडात तेलाचा डाग, सैल वेढा आणि काजळी बघायला सांगा. दर पावसाळ्यानंतर निदान खालच्या पाइपाचे काही वेढे उलगडून धातू बघा. जुनी पट्टी काढताना आधी तिच्यावर पाणी मारा म्हणजे तंतू उडत नाहीत, निघेल तशी पिशवीत भरा आणि पुन्हा वापरू नका. खाली निघालेला पाइप तारेच्या ब्रशने घासून वेल्डच्या कडा नीट बघा, आणि मॅनिफोल्ड उतरवलाच असेल तर पॅकिंग आणि कडेचे स्टड नवे टाकूनच बसवा.